हळू फिरणारं पातं

अहिल्यानगरच्या सावेडीत बांधकाम थांबलंय असं कधी होत नाही. मनमाड रस्त्याच्या अल्याड-पल्याड, पाइपलाइन रस्त्याला, तपोवनाकडे, भिस्तबागेच्या अंगाला कुठे ना कुठे स्लॅब पडलेला असतो. स्लॅबच्या मागोमाग खिडक्यांचे ग्रिल, जिन्याचं रेलिंग, फाटक, पार्किंगवरचा पत्रा ही कामं रांगेत येतात. त्यामुळे इथल्या गल्लीबोळांत फॅब्रिकेशनची दुकानं भरपूर. दुकान म्हणजे एक-दोन शटरची जागा, रस्त्यावर तोंड काढून पडलेले वीस फुटी पाइप, वेल्डिंगचं मशीन, ड्रिल आणि चार इंची ग्राइंडर. या शेवटच्या यंत्राशिवाय कुणाचं पान हलत नाही. वेल्डिंगचा ढीग उतरवायला तोच, गंज काढायला तोच, धार लावायला तोच आणि कापायलाही तोच.

यातल्या एका दुकानाच्या मालकांना आसपासचे सगळे मामा म्हणतात. आयटीआयचा फिटर ट्रेड झाल्यावर त्यांनी आधी नागापूरच्या एमआयडीसीत नोकरी केली आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. गेल्या काही वर्षांत त्यांनी दुकानातली कापायची पद्धत हळूहळू बदलली. ग्राइंडर त्यांच्याकडे आजही आहेत, पण कापायचं काम निघालं की हात आधी दुसऱ्या यंत्राकडे जातो. दात असलेल्या, सावकाश फिरणाऱ्या यंत्राकडे. शेजारच्या दुकानदारांना आधी याची गंमत वाटली. एवढ्या पैशात चार ग्राइंडर आले असते, असं एकाने तोंडावर सांगितलं. मामांनी हिशेब मांडला नाही, फक्त म्हणाले, "चार ग्राइंडरला चार पोरं लागतात, भाऊ."

ग्राइंडरचं नावच त्याचं काम सांगतं: घासणं. आज दुकानोदुकानी दिसतो तसा वेगवान अँगल ग्राइंडर जर्मनीतल्या आकरमान आणि श्मिट यांच्या कंपनीने १९५४ साली काढला. पुढे तो जगभर गेला. महाराष्ट्राला तर हे क्षेत्र घरचंच. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला १९७६ मध्ये कुलकर्णी पॉवर टूल्स ही कंपनी सुरू झाली, आणि तिचं केपीटी हे नाव जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडात अजून आहे. घासायची चाकं त्याहून जुनी. उरणजवळच्या मोऱ्याला ग्राइंडवेलचा कारखाना १९४१ साली निघाला. घासायचं चाक जाड असतं. पुढे एक-सव्वा मिलिमीटर जाडीची कापायची चाकं स्वस्त झाली, ती त्याच मशीनला बसू लागली आणि हॅक्सॉ भिंतीवरच्या खिळ्याला गेला. पंधरा मिनिटांचं काम मिनिटावर आलं, हे खोटं नाही. खर्च मात्र दुसरीकडे वाढला.

मामा हा खर्च वेगापासून मोजायला लागतात. चार इंची मशीन मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. १०० मिलिमीटर व्यासाचं चाक या गतीने फिरलं की त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ५७-५८ मीटर होतो, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर. चाकावर कमाल मर्यादा छापलेली असते, बहुतेकदा सेकंदाला ८० मीटर. त्याच हिशेबाने फेरेही छापलेले असतात: चार इंचीला १५,३००, पाच इंचीला १२,२००, सात इंचीला ८,५००, चौदा इंचीला ४,३०० च्या आसपास. व्यास वाढला की परवानगीचे फेरे कमी. एवढं एक वाक्य ज्याला कळलं त्याने सात इंचीचं चाक चार इंची मशीनवर चढवायचा विचारही करू नये. तिथे कडेचा वेग १०० मीटरच्या पलीकडे जातो, आणि चाक फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो.

सात इंचीचं धाडस सहसा कोणी करत नाही. पाच इंचीचं मात्र सर्रास चालतं. दोन इंची चौकोनी पाइप चार इंची चाकाने एका बाजूने पूर्ण कापला जात नाही, म्हणून पोरं गार्ड काढतात आणि पाच इंची चाक चढवतात. फेऱ्यांच्या हिशेबात ते बसतं. सेकंदाला ७२ मीटर, मर्यादेच्या आत. घोटाळा वेगळाच आहे. चार इंची मशीनचा आटा १० मिलिमीटरचा आणि त्याच्या चाकाचं भोक १६ मिलिमीटरचं. पाच इंची मशीनचा आटा १४ चा, तर चाकाचं भोक २२ मिलिमीटरच्या जरा वर. म्हणजे पाच इंची चाक चार इंची मशीनवर नीट बसतच नाही. मग वॉशर घाल, पत्र्याची चकती घाल, असा जुगाड होतो. चाक केंद्रापासून केसभर सरकतं, मशीन थरथरायला लागतं, आणि ज्या गार्डने तुकडे अडवायचे तो टेबलाखाली पडलेला असतो. एका साइटवर दुसऱ्या ठेकेदाराच्या माणसाचं असंच चाक फुटलं. माणूस वाचला. तुकडा मागच्या पत्र्यात रुतून बसला होता, आणि तो काढायला पक्कड लागली.

याहून वाईट म्हणजे ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावणं. त्यावर मामा चर्चाच करत नाहीत. दुकानात तसं पातं दिसलं की ते भंगारात जातं.

आता दुसरी बाजू. कार्बाइडचे दात असलेल्या पात्याचं कटिंग मशीन, ज्याला बाजारात कोल्ड कट किंवा ड्राय कट म्हणतात, ते दिसायला चौदा इंची चॉप सॉसारखंच असतं. खाली बेस, मागे व्हाइस, वर हँडल. पण कटिंग व्हील लावलेला चॉप सॉ मिनिटाला ३,८०० च्या आसपास फेरे घेतो आणि हे मशीन १,३०० ते १,५००. कडेचा वेग सेकंदाला चोवीस ते अठ्ठावीस मीटरवर येतो. बँड सॉ त्याहून कितीतरी सावकाश: साध्या लोखंडाला त्याचं पातं मिनिटाला साठ-ऐंशी मीटर धावतं. सेकंदाला नव्हे, मिनिटाला. कटिंग व्हील लोखंड घासून, तापवून, जाळून वाट काढतं. दातेरी पातं लोखंडाची चिप उचलतं. चिप आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते, म्हणून कापलेला तुकडा लगेच हाताने उचलता येतो. मामांच्या दुकानात नवा माणूस आला की ते त्याला कापलेल्या टोकावर बोट ठेवायला सांगतात. तो आधी कचरतो, कारण चॉप सॉचं निळं पडलेलं टोक त्याला ठाऊक असतं.

वेळेचा हिशेब इथे उलटतो. एकच कट मोजला तर पातळ पाइपवर कटिंग व्हील तेवढंच किंवा जास्त झपाट्याने जातं. पण कट झाला म्हणजे काम झालं नाही. टोकाला वितळलेल्या लोखंडाची बर लोंबत असते, ती ग्राइंडरने काढायची. चाक पातळ असल्याने ते वाकतं आणि कट सूत-अर्धा सूत तिरपा जातो. मग गुण्या लावायचा, घासायचं, परत लावायचा. फटीत वेल्डिंग भरायचं, तो ढीग पुन्हा घासायचा. पंचेचाळीस अंशांच्या फ्रेमला तर चारही कोपऱ्यांत ही कसरत. दातेरी पात्याने कापलेली टोकं सरळ जुळतात आणि टाके पडतात. एक मोठं फाटक आधी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालायचं, ते आता दुपारच्या चहानंतर रंगाला जातं, असं मामा सांगतात. वाचलेला वेळ कापण्यात वाचला नाही, घासण्यात वाचला.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. चौदा इंची कटिंग व्हील झिजत जातं तसा त्याचा व्यास कमी होतो, आणि मशीनचे फेरे तेच राहतात. ३५५ मिलिमीटरचं चाक २५५ वर आलं की कडेचा वेग सत्तर मीटरवरून पन्नासवर घसरतो. चाक कापेनासं होतं, कामगार हँडल दाबतो, उष्णता वाढते, मोटरवर ताण येतो, आर्मेचर जळतं. कार्बाइडचं पातं शेवटपर्यंत त्याच व्यासाचं राहतं.

आणि झिजलेलं चाक जातं कुठे? मोठं चाक हातभर असतं, उरतो तो बशीएवढा तुकडा. मधलं सगळं हवेत गेलेलं असतं: अपघर्षकाचे कण, फिनॉलिक रेझिन, काचेच्या जाळीचे धागे, वर लोखंडाची भुकटी. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं येतं ते हेच. तोंडाला बांधलेला रुमाल मोठे कण अडवतो, बारीक नाही. दातेरी मशीनखाली मात्र चिपांचा ढीग पडतो, तो झाडून गोणीत भरता येतो आणि भंगारवाला घेऊन जातो.

ठिणग्यांचा त्रास सावेडीतल्या घरमालकांना वेगळ्या वाटेने कळला. नव्या बंगल्यात टाइल्स बसलेल्या, काचा लागलेल्या, आणि मग जिन्याचं रेलिंग आलं. जागेवर कापाकापी झाली. महिन्याभराने काचेला हात लावला तर खरखरीत. टाइलवर तपकिरी ठिपके. लोखंडाची तापलेली ठिणगी काचेत रुतते आणि तिथेच गंजते. पुसून ती निघत नाही. रंगीत पत्र्याचंही तसंच. पत्रा चाकाने कापला की कडेचा झिंक आणि रंग जळतो, ठिणग्या पत्र्यावर चिकटतात, आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे ओघळ येतात. पत्रा बनवणारे स्वतःच अशा कटिंगला मनाई करतात. पत्र्यासाठी निबलर आहे किंवा विजेवरची कातर आहे. दोन्हीत ठिणगी नाही. निबलर नखाएवढे अर्धचंद्राकृती तुकडे पाडत जातो. ते बुटाच्या तळव्यात घुसतात, तेव्हा खाली कापड अंथरलेलं बरं.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत मामा सोवळ्याचे आहेत. ज्या चाकाने लोखंड कापलं ते चाक एसएसला लावायचं नाही, आणि लोखंडाच्या ठिणग्या उडतात तिथे एसएसचे पाइप ठेवायचे नाहीत. लोखंडाचे कण एसएसवर बसले की तेच गंजतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल हलका दिला.

दुकानातलं काम असं शिस्तीत बसवता येतं. पण अहिल्यानगर जिल्ह्यात अर्धी कामं गावात असतात. कांद्याची चाळ, मुक्त गोठ्याची शेड, विहिरीवरची जाळी, कारखान्याचा हंगाम तोंडावर आला की उसाच्या ट्रॉलीची डागडुजी. तिथे बाजूलाच कडब्याची गंजी असते. आगीच्या कामाचे अनेक ठिकाणचे नियम ठिणग्यांपासून अकरा मीटरच्या आत जळण्याजोगं काही ठेवू नका असं सांगतात, आणि काम संपल्यावरही निदान अर्धा तास कुणीतरी तिथे थांबायला सांगतात. कडबा लगेच पेट घेत नाही. आत धुमसतो आणि माणसं जेवायला बसली की वर येतो. मामा शक्य ते सगळं दुकानात मापाने कापून नेतात. चाळीचे खांब, कैच्या, आडवे पाइप दुकानातच तयार होतात, जागेवर फक्त बोल्ट आणि टाके. जे जागेवरच कापावं लागेल त्यासाठी बॅटरीवरचा हातातला बँड सॉ. तो जड आहे, अडचणीच्या कोपऱ्यात शिरत नाही, पण त्याला ठिणगी नाही आणि विजेची वाट पाहावी लागत नाही.

वीज हा या साऱ्यात कुणी न धरलेला घटक आहे. गावाकडे व्होल्टेज पडतं, मशीन गुरगुरतं, गरम होतं. त्याहून वाईट म्हणजे मध्येच लाइट जाते. ग्राइंडरचा सरकता स्विच पुढे अडकवलेला असतो. पोरगा मशीन तसंच खाली ठेवून चहाला जातो. लाइट परत येते आणि जमिनीवरचं मशीन पूर्ण वेगाने उठतं, आपल्याच वायरीवरून फिरतं. म्हणून मामांनी चांगला ग्राइंडर घेताना वॅट सगळ्यात शेवटी पाहिले. आधी पाहिलं की लाइट जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं का. चांगल्या मशीनमध्ये ते होत नाही. स्विच बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ते जागचं हलत नाही. मग पाहिलं की ब्रेक आहे का, कारण साधं मशीन बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहतं आणि माणूस तेवढ्यात ते मांडीवर टेकवतो. तिसरं, चाक कटमध्ये अडकलं की मोटर स्वतः थांबते का. चौथं, गार्ड हाताने फिरवता येतो का. ज्या गार्डला स्क्रू काढावा लागतो तो एकदा निघाला की परत लागत नाही. ही सगळी अक्कल मशीनच्या पोटात घालायला कंपन्या जास्त पैसे घेतात. दोन-तीन हजारांच्या मशीनमध्ये ती मिळत नाही. दुकानाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र कुणालाही परवडतो.

सावेडीची एक गंमत आहे. नागापूरच्या कारखान्यांत कामाला जाणारी पुष्कळ माणसं इथेच राहतात. दिवसपाळीत तोच माणूस गॉगल, बूट, कानाला प्लग लावून परवानगीची चिठ्ठी घेतल्याशिवाय ग्राइंडरला हात लावत नाही. सुट्टीच्या दिवशी मेव्हण्याच्या दुकानात मदतीला आला की चपलेवर उभा राहून, डोळे बारीक करून तेच काम करतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात यंत्राला कुंपण घालायचं कलम २१ होतं, आणि उडणाऱ्या कणांपासून डोळे सांभाळायचं कलम ३५. पण दोन-चार माणसांचं दुकान अशा कायद्याच्या उंबऱ्याच्या बाहेर राहतं. तिथे निरीक्षक येत नाही. तिथे फक्त मालकाचा डोळा, तोही शाबूत असला तर.

डोळ्याचं सांगायचं तर या धंद्यात बुबुळात कण गेला नाही असा मिस्त्री सापडणं मुश्कील. पूर्वी दुसरा मिस्त्री काडीला कापूस गुंडाळून किंवा रुमालाच्या टोकाने तो काढायचा. अजूनही काढतात. लोखंडाचा कण बुबुळात काही तास राहिला की त्याभोवती गंजाचं कडं धरतं. कण निघतो, कडं राहतं, आणि ते डॉक्टरलाच काढावं लागतं. नंबरचा चष्मा यात कामाचा नाही, कण बाजूने येतो. मामांनी दुकानात एकाच मापाचे गॉगल आणले होते, ते कुणी घालेना. वाफ धरते, दिसत नाही, अशी तक्रार. मग वाफ न धरणाऱ्या काचेचे, नाकावर बसतील असे वेगवेगळे आणले आणि ज्याचा त्याला नावाने दिला. आता घालतात. कार्बाइडच्या पात्यालाही गॉगल लागतोच, कारण एखादा दात निखळला तर तो ठिणगीपेक्षा जड असतो. आणि आवाज? तो या मशीनचाही कर्कश आहे. चौकोनी पाइप कापताना तर अंगावर काटा येतो. कानाला मफ लावल्याशिवाय त्याच्यापुढे उभं राहू नये.

हे मशीन सर्वगुणसंपन्न नाही, हे मामा स्वतःच ठोकून सांगतात. टीएमटीच्या सळईची बाहेरची कड कडक असते, ती दात मोडते. सळईला साधा चॉप सॉ किंवा सळई तोडायचं यंत्रच. पाइप व्हाइसमध्ये सैल राहिला आणि हलला की एका झटक्यात तीन-चार दात जातात आणि नवं पातं म्हणजे एका ग्राइंडरची किंमत. पातळ पाइपला जास्त दातांचं पातं, जाड अँगलला कमी दातांचं. कमी-जास्त दातांचा हिशेब हॅक्सॉलाही आहे, तिथे जाडीत एका वेळी निदान तीन दात बसले पाहिजेत. एसएसला वेगळं पातं. म्हणूनच नवा पोरगा आला की मामा पहिले काही दिवस त्याच्या हातात इंचाला २४ दातांचं ब्लेड लावलेला हॅक्सॉ देतात. पोरं कुरकुरतात. पण दात लोखंडात कसा शिरतो, दाब कधी सोडायचा, कट संपताना तुकडा कसा पडतो, हे हाताला आधी कळलं की मशीनचं हँडल कुणी बळाने ओढत नाही.

बारा मिलिमीटर प्लेट आली तर गॅस कटर, एकसारखे पुष्कळ तुकडे असले तर एमआयडीसीतून प्लाझ्मावर कापून आणणं. ते काम मामा स्वतः करत नाहीत, करायची हौसही नाही.

ग्राइंडर शेवटी उरतोच: वेल्डिंग घासायला, जुन्या फाटकाचं बिजागर तोडायला, भिंतीत गाडलेला अँगल कापायला. त्यासाठी त्यांनी पॅडल स्विचचं मशीन घेतलं, दाबलं तर चालतं, सोडलं की बंद. काही दिवसांनी पाहिलं तर पोरांनी पॅडलला काळी टेप गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवलेलं. मामांनी टेप काढली, पुन्हा लागली. तेव्हा त्यांनी ओरडणं सोडून मशीन स्वतः अर्धा दिवस चालवलं. मशीनचा गळा जाड होता. लहान हाताच्या माणसाची बोटं पॅडल दाबून दुखत होती. त्यांनी ते मशीन विकलं आणि बारीक गळ्याचं, हलकं, तसंच पॅडल असलेलं दुसरं आणलं. त्याला अजून कुणी टेप लावलेली नाही. जुन्या दोन मशीनचे सरकते स्विच मात्र तसेच आहेत, आणि पुढच्या दिवाळीला आधी कोणतं बदलायचं यावर मामा आणि त्यांच्या मुलाचं एकमत व्हायचं आहे.